टॅबमधला श्रावण

आमच्या नर्सिंग स्कूलला टॅबलेट आल्या आहेत असा ऑफिसातून निरोप आला, तेव्हा आमच्या शिपाईमामांनी ते खोके उचलून सरळ औषधांच्या खोलीत नेले आणि लोहाच्या गोळ्यांशेजारी रचून ठेवले. दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी प्राचार्य विचारायला लागले तेव्हा मामा म्हणाले, टॅबलेट त्यांच्या जाग्यावर आहेत, एक्सपायरी तेवढी दिसली नाही. सगळे पोट धरून हसले. मी हसले नाही. मला वाटलं, ह्या शाळेत एवढा एकच शहाणा माणूस आहे, त्याने ती वस्तू कुलपात ठेवली.

मी हिंगोलीत मुलींना बाळंतपणाची विद्या शिकवते. केस पिकले त्यात. न मागता वस्तू दारात आली की मला आधी तिच्या मागचा हात शोधावासा वाटतो. हे आपल्याला का दिलं? यात भरलेली माहिती जाते कुठे, बघतो कोण? मी प्राचार्यांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी ‘वर’ असं उत्तर दिलं आणि बोटानेही वरच दाखवलं. तिथे पंखा होता. माझ्या वाट्याचा टॅब हातात आला तेव्हा मी पहिलं काम काय केलं असेल, तर जखमेला लावायची चिकटपट्टी कापून त्याच्या कॅमेऱ्यावर लावली.

त्याच सुमाराला वर्गात एक भलं मोठं टेबल आलं. त्याचा वरचा भाग म्हणजे सगळा पडदाच. त्यावर एक बाई आडवी झोपलेली दिसायची. बोट फिरवलं की तिची कातडी निघायची, पुन्हा फिरवलं की चरबी, मग स्नायू, मग गर्भाशय आणि आत डोकं खाली करून बसलेलं बाळ. पोरींना फार आवडलं. आजवर मी पुठ्ठ्याची कंबर आणि कापडी पिशवीत घातलेली बाहुली घेऊन शिकवत होते, ती बाहुली एका दिवसात कपाटावर गेली. मला राग आला हे मी लपवत नाही. त्या पडद्यावरच्या बाईला कळा येत नव्हत्या, लाज वाटत नव्हती आणि तिच्यासोबत सासू नव्हती. अशी बाई मी आयुष्यात पाहिलेली नाही.

आमच्या कामात सगळं काही एका तारखेवर उभं असतं. बाईची शेवटची पाळी कधी आली ती तारीख. तिच्यावरून किती आठवडे भरले ते कळतं, बाळाची वाढ बरोबर आहे की नाही ते कळतं, दिवस कधी भरतील ते कळतं. आणि तारीख कुणीही सांगत नाही. खेड्यातली बाई सांगते, पोळ्याच्या करीला. महालक्ष्म्या उठल्या त्या दिवशी. दसऱ्याच्या जत्रेहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. मला हे कधी जड गेलं नाही. माझे वडील हिंगोलीतल्या एका देवळात पुजारी होते आणि सकाळी ओसरीवर बसून लोकांना पंचांग सांगायचे. तिथी, वार, महिना हे माझ्या कानावर पाढ्यांआधी पडलं. सण सांगितला की इंग्रजी तारीख माझ्या तोंडात तयार असायची. सोबतच्या सिस्टर मला चिडवायच्या, आमचं चालतं बोलतं पंचांग म्हणायच्या. मला ते आवडायचं.

पण नुसतं पंचांग येऊन भागत नाही, संशयही यावा लागतो. पहिले तीन महिने बाया दिवस गेल्याचं सांगतच नाहीत, नजर लागते म्हणून. सासू सोबत असली तर ती एक महिना कमी करून सांगते, कारण तेच. उत्तर कोण देतं आहे, सून की सासू, आणि सासू देत असेल तर सून त्या वेळी कुठे बघते आहे, हे पाहायचं. मी पोरींना हेच शिकवलं. बाईच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, सासूच्या तर नाहीच, कागदावरही नको. आधी पोटावर हात ठेवा. बेंबीच्या वर गर्भाशय किती बोटं चढलंय ते मोजा आणि मग बोला.

टॅबमध्ये ह्यातलं काही नव्हतं. त्यात एक गोल चकती होती, एकपासून नऊपर्यंत आकडे असलेली. कितवा महिना, तिथे बोट लावायचं. आणि दुसरीकडे एक कॅलेंडर, तारखेवर बोट लावायचं. दोन्हीपैकी एक केलं की पुढचा सगळा हिशोब तोच करायचा आणि बाईच्या नावापुढे रंगीत पट्टी यायची. हिरवी म्हणजे ठीक, लाल म्हणजे शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवा.

पहिल्याच महिन्यात त्याची चोरी मी पकडली. एका बाईला लाल पट्टी आली, दिवस भरत आले तरी पोटाची वाढ कमी. घरचे घाबरले, दाखल व्हायला गाठोडं बांधून आले. मी पोटाला हात लावला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. हे पोट जेमतेम आठ महिन्यांचं होतं. मी तिला विचारलं, नोंदणीच्या वेळी पोरीला तू काय सांगितलं होतंस? ती म्हणाली, नववा लागला म्हणून सांगितलं. झालं. आपल्याकडे नववा लागला म्हणजे आठ सरले, हे पाळण्यातल्या लेकरालाही कळतं. पोरीने ऐकला फक्त नऊ, दाबला नऊ आणि त्या चकतीने बाईचा एक महिना खाऊन टाकला.

त्या दिवशी मी वर्गात तासभर बोलले. त्या टेबलावरची बाई बंद करायला लावली आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘लागला का सरला?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय कुणी पडद्याला बोट लावायचं नाही. पोरींनी वहीत उतरवून घेतलं. प्राचार्यांनीसुद्धा मान डोलावली. खरं सांगायचं तर त्यानंतरचे काही महिने माझे फार सुखात गेले. टॅबने काहीही सांगितलं की मी त्यात खोट शोधायची, आणि शोधणाऱ्याला ती सापडतेच. आशाताई हळद शिजवून, निवडून यायच्या, भेगा पडलेल्या त्यांच्या बोटांना पडदा ओळखायचाच नाही, मग त्या बोट ओलं करून पुन्हा पुन्हा दाबायच्या आणि एकाच्या जागी तीन नोंदी व्हायच्या. मी त्या मोजून ठेवायची. कुणी विचारलं नाही तरी सांगायची.

माझ्या वर्गात त्या वर्षी एक मुलगी होती, कनेरगाव नाक्याजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची. तिची बोटं त्या पडद्यावर अशी चालायची की बघवायचं नाही. बाकीच्या एक नोंद करीपर्यंत हिच्या तीन व्हायच्या. मी जवळ गेले की ती टॅब खाली ठेवून उभी राहायची, फार नम्र होती. तिच्या नम्रपणावरही माझा विश्वास नव्हता. इतक्या लवकर नोंद करणारी पोरगी बाईला विचारते कधी, असं मला वाटायचं. एकदा मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले की तुला नर्स नाही, बँकेत कॅशियर व्हायला पाहिजे होतं. पोरी हसल्या. तीही थोडी हसली.

ही गोष्ट घडली ती एप्रिलमध्ये, हनुमान जयंतीच्या आसपास. आदल्या पावसाळ्यात अधिक महिना आला होता, तोही श्रावणच. म्हणजे आधी अधिक श्रावण, त्यानंतर खरा, निज श्रावण. पुसेगावच्या पुढच्या एका खेड्यातल्या उपकेंद्रावर आमच्या मुली शिकायला जात, त्या दिवशी गरोदर बायांच्या तपासणीला त्यांच्यासोबत मी होते. ती कनेरगावकडची मुलगी लसीचा डबा घेऊन अंगणवाडीत गेली होती.

एक बाई आली, बावीस-तेवीस वर्षांची, पहिलटकरीण. सोबत सासू. मी टॅबवर तिचं नाव काढलं तर लाल पट्टी. त्या पट्टीवर बोट ठेवलं तर लिहिलेलं दिसलं की एकोणचाळीस आठवडे झाले, मागच्या मापावरून पोटाची वाढ त्या मानाने कमी, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात पाठवा. मी तिला निजवलं, हात लावला, टेप लावला. पस्तिसाच्या वर एकही आठवडा ते पोट सांगत नव्हतं. बाळाचे ठोके लागले, ते ठीक वाटले. सोनोग्राफीचा पहिला कागद माहेरी राहिला होता. मी पाळीची तारीख पाहिली. ती जुलैमधली होती. नोंद कुणी केली ते पाहिलं. आमच्या कॅशियरबाईंनी.

मी विचारलं, शेवटची पाळी कोणत्या महिन्यात आली होती? सासूने उत्तर दिलं, “श्रावणात आली व्हती, पयल्या सोमवारी. आमचा उपास व्हता.”

मला हसू आलं. सगळं डोळ्यांसमोर स्पष्ट दिसलं. बाईने श्रावण म्हणून सांगितलं असणार. पोरीने मोबाईलवरचं कॅलेंडर उघडलं असणार, त्यात जो श्रावण आधी दिसला, त्याचा पहिला सोमवार पाहिला आणि दाबला. तो निघाला अधिकातला. आता अधिक महिन्याला आपल्याकडच्या बाया श्रावण कधी म्हणतात? त्या म्हणतात धोंडा. धोंड्याचा महिना. श्रावण म्हटलं म्हणजे तो खराच, महिनाभराने आलेला. तो धरला की पस्तीस आठवडे होतात, आणि माझे हातही पस्तीसच सांगत होते. देवळातल्या पुजाऱ्याच्या लेकीला ह्यात आणखी काय विचारायचं होतं? एरवी मी सासूच्या शब्दाला उन्हात वाळत घालते. त्या दिवशी मात्र तो मला पटला, कारण तो माझ्या सोयीचा होता.

ती बाई टेबलावर निजलेली होती. तिने मान उचलून काहीतरी सांगायला तोंड उघडलं, हे मी पाहिलं. मी म्हणाले, काही काळजी करू नको लेकरा, मशीन चुकलंय. आणि टेप गुंडाळला.

मग मी टॅब मांडीवर घेतला. तारीख बदलायला गेले तर त्याने विचारलं, बदल करायचा आहे का? मी हो दाबलं. त्याने विचारलं, कारण निवडा. खाली चार कारणं होती. मी ‘नोंदणीतील चूक’ यावर बोट ठेवलं, जरा जोरातच. लाल पट्टी गेली, हिरवी आली. पुढची भेट पंधरा दिवसांनी. सासूने हात जोडले, शहरात जायची तकलीफ वाचली म्हणाली. दोघी उन्हातून घराकडे गेल्या. त्या दिवशी मी डबा फार चवीने खाल्ला.

दुपारी तीनच्या सुमाराला मी हिंगोलीत परत येऊन स्टाफरूममध्ये बसले होते. ती मुलगी दारात आली. तिने नोंदवलेल्या बायांची यादी तिच्या टॅबवर रोज दिसायची.

“मॅडम, माझ्या एका पेशंटची तारीख कुणीतरी बदलून टाकली,” ती म्हणाली.

कुणीतरी नाही, मीच बदलली, असं मी तिला सांगितलं. आणि बदलावी का लागली तेही सांगितलं. दोन श्रावण कसे असतात, बाया अधिकाला काय म्हणतात, कॅलेंडरवर बोट ठेवण्याआधी डोकं कसं वापरावं. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर ती हळूच म्हणाली की मॅडम, ती बाई मला श्रावण म्हणाली नव्हती, धोंडाच म्हणाली होती.

मी म्हणाले, मग सासू श्रावण का म्हणाली? तर तिने सांगितलं की त्या वर्षी गावोगावच्या पुष्कळ बायांनी अधिकापासूनच सोमवार धरले होते, आठच्या आठ. मुलीच्या स्वतःच्या आईनेसुद्धा. आणि ही बाई त्या वेळी नवऱ्याला घेऊन माहेरी गेली होती, जावयाचं धोंड्याचं वाण होतं. सोमवारीच हिला पाळी आली. ती तीन दिवस बाहेर बसली आणि नवऱ्याने एकट्याने पुरणाचे धोंडे खाल्ले. बाईने हे हसत हसत सांगितलं होतं, म्हणून मुलीच्या लक्षात राहिलं होतं. मी विचारलं, मग हे लिहून का ठेवलं नाहीस? ती म्हणाली, “कुठं लिहू मॅडम? त्यात जागाच न्हाई.”

हे खरं होतं. जुन्या कार्डाच्या कडेला मी स्वतः अशा शेकडो गोष्टी लिहिल्या आहेत. टॅबमध्ये नुसती तारीख राहते, ती कोणत्या तोंडून आली ते राहत नाही. दुसऱ्या कुठल्या वेळी मी हा मुद्दा धरून प्राचार्यांपर्यंत गेले असते. पण त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आधी काय आलं ते सांगते. मला वाटलं, ही पोरगी स्वतःची चूक झाकण्यासाठी गोष्ट रचते आहे. इतकी सुबक गोष्ट खरी असत नाही. मी तिच्याकडे रोखून पाहिलं. ती खाली पाहत नव्हती.

मी फोन लावला. सासूने उचलला, मी सुनेकडे द्यायला सांगितलं. मी तिला एकच विचारलं, धोंड्याचं वाण केलं तेव्हा तू जेवायला बसली होतीस का?

“कुठं बसले बाई, मी तर बाहेर व्हते,” ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “लेकरू कालपासून कमी हालून राहिलंय. सकाळपासून तर हाललंच न्हाई. मी टेबलावर तेच सांगत व्हते.”

मला आजही तो फोन कानाला लावलेला आठवला की कान गरम होतो. एकोणचाळीस आठवडे आणि पस्तिसाचं पोट, ह्याचा अर्थ मी वर्गात दर वर्षी सांगते. एक तर तारीख चुकली, नाहीतर बाळ आत सुकतंय. पहिलं गृहीत धरायचं नाही, दुसरं आधी बघायचं. माझ्याच तोंडचं वाक्य. माझे हात चुकले नव्हते. हातांनी बरोबर सांगितलं होतं की पोट लहान आहे. लाल पट्टीही तेच सांगत होती. दोघांचं भांडण नव्हतंच, भांडण मी लावलं होतं.

पुढचं सगळं त्या मुलीने केलं असं म्हटलं तरी चालेल. तिने रुग्णवाहिकेला फोन केला, गावातल्या आशाताईंना बाईच्या घरी धाडलं, दवाखान्यात आधी कळवून ठेवलं. मी तारीख परत बदलायला टॅब घेतला, तर बोटांना घाम आलेला, पडदा ऐकेना. तिने माझ्या हातातून टॅब घेतला आणि बदल केला. दिवस मावळायच्या आत बाईचं ऑपरेशन झालं. मुलगा झाला, दीड किलोपेक्षा थोडा जास्त. रडायला त्याने बराच वेळ घेतला. तेवढा वेळ मी दवाखान्याच्या जिन्याखाली उभी होते आणि मला कुठलाही देव आठवत नव्हता. पुजाऱ्याची मुलगी असून एक स्तोत्र तोंडात येईना. दोन तास आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, असं डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते नीट कळलं नाही, सगळ्यांनाच असेल.

लेकरू तीन आठवडे काचेच्या पेटीत होतं. सोडायच्या दिवशी सासू नारळ आणि ब्लाऊजपीस घेऊन स्कूलमध्ये आली. माझ्या पाया पडली. मी वाकून अडवलं तरी पडलीच. सगळ्या स्टाफसमोर सांगायला लागली की ह्या बाईंनी फोन करून बोलावलं म्हणून आमचं लेकरू हाती लागलं. सकाळी मशीन चुकलं होतं, पण ह्यांना घरी जाऊनही चैन पडलं नाही. प्राचार्य माझ्याकडे कौतुकाने बघत होते. ती मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी नारळ घेतला. ‘आमचं कामच आहे ते’ असं काहीतरी बोलले.

मला वाटलं, ती पोरगी आता कुणाला तरी सांगेल. आठवडाभर मी तिच्यावर डोळा ठेवून होते. कोणाशी बोलते, कशाला हसते. दोन पोरी कोपऱ्यात कुजबुजल्या की मी हातातलं काम सोडून तिकडे कान द्यायची. तिने कुणालाही सांगितलं नाही. उलट माझ्यासमोर आली की पूर्वीसारखीच टॅब खाली ठेवून उभी राहायची. मला ते जास्त लागायचं.

कमी वजनाच्या बाळाला घरी जाऊन बघावं लागतं. ते आमच्याच भागातलं, म्हणून मी आणि ती मुलगी गेलो. अंगणात हळद पसरलेली होती, सासू ती गोळा करत होती. बाई दारात लेकराला घेऊन बसली होती. लेकरू अजून पाखराएवढंच होतं, पण डोळे उघडून बघत होतं. तिने आम्हाला बसायला सतरंजी टाकली. आई-लेकराची विचारपूस झाली. मुलीने टॅब काढला आणि एकेक प्रश्न भरायला लागली. दूध किती वेळा, लघवी किती वेळा, अंग गरम लागतं का. बाई उत्तरं देत होती, मुलगी बोट लावत होती. आता मी पाहिलं, ती पडद्याकडे फार कमी बघते. बाईच्या तोंडाकडे बघते. मी वर्षभर फक्त तिची बोटं पाहिली होती.

एका प्रश्नावर ती थांबली. टॅब माझ्यासमोर धरला. लिहिलं होतं, दवाखान्यात पोचायला उशीर झाला का? त्याला तिने हो दिलेलं होतं. खाली, उशिराचं कारण निवडा. कुटुंबाने निर्णय उशिरा घेतला. वाहन मिळाले नाही. रस्ता खराब. इतर.

“काय दाबू मॅडम?” तिने विचारलं.

मी त्या पहिल्या ओळीकडे किती वेळ बघत होते मला माहीत नाही. ते दाबलं असतं तर कुणालाही काही वाटलं नसतं. अशा अर्ध्याअधिक नोंदींत तेच असतं. कुटुंबाने निर्णय उशिरा घेतला. अंगणात वाकून हळद वेचणारी ती म्हातारी वरच्या कुठल्या तरी यादीत दोषी म्हणून बसली असती आणि तिला ते कधी कळलंही नसतं. हे यंत्र माणसाला खोटं बोलायला शिकवतं असं मी इतके दिवस म्हणत होते. ते तर नुसतं थांबलेलं होतं. मुलगीही थांबली होती. मी म्हणाले, इतर.

इतर दाबल्यावर एक रिकामी चौकट उघडली. मुलीने विचारलं, काय लिहू? मी सांगायला लागले, आणि मला कळलं की हे मोठ्याने सांगावं लागणार आहे. मी सांगितलं, लिही, पाळीची बरोबर तारीख शिक्षिकेने चुकीची ठरवून बदलली आणि पेशंटला परत पाठवलं.

मुलीचं बोट हललं नाही. बाईने वर पाहिलं.

“तारीख तुमी बदलली व्हती?” तिने विचारलं. “मशीन चुकलं न्हवतं?”

मी म्हणाले, नाही, मशीन बरोबर होतं, ह्या पोरीने बरोबर भरलं होतं. तू सांगत होतीस तेही मी ऐकलं नाही. सासू हळदीतून उठून जवळ आली. बाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

“काहून बदलली बाई?”

मी काहीतरी शहाणपणाचं बोलू शकले असते. दोन श्रावणांचं सांगता आलं असतं. मी खरं सांगितलं. म्हणाले, मला ह्या टॅबचा फार राग होता.

तिने मांडीवरच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवला.

“मंग तो माझ्या लेकरावर काहून काढला?”

वजन घ्यायचं राहिलं होतं. मी पिशवीतून वजनकाटा काढला, झोळी अडकवली आणि लेकराला घ्यायला दोन्ही हात पुढे केले. तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मग ती जागेवरून उठली, मला वळसा घालून गेली आणि लेकरू त्या मुलीच्या हातात दिलं.